आमची परिस्थिती, तुमचा स्वभाव

बी.ए.ला कोणते विषय घ्यायचे, हे ढोकीत विद्यार्थी ठरवत नाही, एसटी ठरवते. सकाळची गाडी धाराशिवच्या स्टँडवर टेकल्यावर जे तास सुरू होतात आणि परतीच्या गाडीआधी जे संपतात, ते आपल्या आवडीचे विषय. भूगोलाला नकाशे काढत बसावं लागतं, म्हणजे मुक्कामाची पाळी. इंग्रजी साहित्याला शेक्सपियर, म्हणजे एका गाडीचा नव्हे, जन्माचा प्रश्न. उरले समाजशास्त्र आणि मानसशास्त्र. दोन्ही तास लागोपाठ, भिंतीला भिंत लागून. मी दोन्ही घेतले.

घरी तात्यांनी विचारलं, "ह्यात शिकवत्यात काय?"

"माणसं अशी का वागतात ते."

"आन् त्याला तीन वर्षं लागत्यात?"

पहिली दोन वर्षं काही बिघडलं नाही. समाजशास्त्राच्या तासाला समाज होता, मानसशास्त्राच्या तासाला मन होतं, मधल्या दहा मिनिटांत चहा होता. बिघडलं ते सामाजिक मानसशास्त्राचा पेपर आला तेव्हा. तोपर्यंत एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं हा माझ्या लेखी निव्वळ व्यायाम होता. आता समाजशास्त्राचे सर म्हणू लागले, की चार आण्याचं फडकं सीटवर पडल्याबरोबर ती सीट दुसऱ्याच्या मालकीची होते, हे सगळ्या गाडीला मान्य असतं, ह्यालाच सामाजिक नियमन म्हणतात. शेजारच्या वर्गात मॅडम म्हणत, रुमाल पाहूनही त्यावर बसावंसं वाटणारा आणि तरी न बसणारा माणूस आतल्या आत काय सोसतो, ते पाहा. दोघांचंही खरं होतं. मी मात्र दोघांचं ऐकून गाडीत शिरेपर्यंत त्या सीटवर तिसराच बसलेला असे, आणि त्याने रुमाल खाली पाडून वर 'कुणाचा हाय हो?' म्हणून विचारलेलं असे. ह्या माणसासाठी दोन्ही पुस्तकांत प्रकरण नाही.

ह्या दोन विषयांचं भांडण मूळचंच आहे आणि आपल्या भावकीत सहज खपेल असं आहे. बांध एक, दावेदार दोन. 1895 साली फ्रान्समध्ये एमिल दुर्खीम याने समाजशास्त्राच्या पद्धतीचे नियम लिहिले आणि बजावून ठेवलं, की सामाजिक गोष्टीचं कारण थेट माणसाच्या मनात सापडलं असं कुणी म्हणाला, तर ते चुकलंच म्हणून समजा. पुढे दोनच वर्षांनी त्याने आत्महत्या हा विषय घेतला. माणसाने एकट्याने करायची म्हणून ह्याहून एकट्याची गोष्ट नसेल. पण आकडे मांडून त्याने दाखवलं, की तीसुद्धा समाजाच्या घट्ट-सैल विणीवर अवलंबून असते. गंमत म्हणजे त्याच 1895 साली, त्याच देशात, गुस्ताव ल बाँ याने जमावावर पुस्तक काढलं आणि सगळा ठपका मनावर ठेवला : माणूस गर्दीत शिरला की अक्कल बाहेर ठेवून शिरतो.

खरी मौज 1908 साली झाली. 'सामाजिक मानसशास्त्र' हे नाव शीर्षकात मिरवणारी दोन इंग्रजी पुस्तकं एकाच वर्षी निघाली. एक विल्यम मॅक्डूगल या मानसशास्त्रज्ञाचं, दुसरं एडवर्ड रॉस या समाजशास्त्रज्ञाचं. गट नंबर एक आणि सातबारावर नावं दोन. मॅक्डूगल म्हणे, माणूस उपजत प्रवृत्तींनी चालतो. रॉस म्हणे, माणूस एकमेकांचं बघून चालतो. मग 1946 साली हार्वर्ड विद्यापीठाने मोठेपणा घेऊन समाजशास्त्र, सामाजिक मानसशास्त्र आणि मानवशास्त्राचा काही हिस्सा एका विभागात आणला. टॅल्कट पार्सन्स, गॉर्डन ऑलपोर्ट अशी कर्ती माणसं, एक चूल. सत्तरचं दशक लागता लागता वाटणी झाली. पंचवीस वर्षं एका चुलीवर भागवलं, हे आमच्या गल्लीच्या मानाने बरंच म्हणायचं.

आमच्या मराठवाडा विद्यापीठात असला बखेडा नव्हता. तिथे पेपर वेगळे, तारखा वेगळ्या. 'जमाव' मात्र दोन्हीकडे होता. मंगळवारी समाजशास्त्राला 'जमावाची वैशिष्ट्ये' आणि शुक्रवारी मानसशास्त्राला 'जमावातील वर्तन'. मी दोन्हीकडे तेच उत्तर लिहिलं. फक्त एकीकडे 'समाज' हा शब्द अधोरेखित केला, दुसरीकडे 'मन'. मार्क वेगवेगळे पडले. ज्या विषयात जास्त पडले तिथे माझा अभ्यास होता. ज्यात कमी पडले तिथे मूल्यमापनाची पद्धत सदोष होती.

ह्या शेवटच्या दोन वाक्यांतच सगळा अभ्यासक्रम आला आहे. एडवर्ड जोन्स आणि रिचर्ड निस्बेट यांनी 1971 साली हे मांडलं, की स्वतःच्या वागण्याची कारणं माणूस परिस्थितीत शोधतो आणि दुसऱ्याच्या वागण्याची कारणं त्याच्या स्वभावात. पुढे 1977 साली ली रॉस याने ह्याच्या दुसऱ्या अर्ध्याला, म्हणजे दुसऱ्याची परिस्थिती न बघता त्याचा स्वभाव काढण्याला, चांगलं भारदस्त नाव दिलं. थोडक्यात, आपल्यापुरता प्रत्येक जण समाजशास्त्रज्ञ असतो आणि शेजाऱ्यापुरता मानसशास्त्रज्ञ. दोन विषय एकत्र शिकवायला हार्वर्डला विभाग काढावा लागला. आमच्याकडे बांधाला बांध पुरतो.

पुरावा माझ्या वहीत आहे. ढोकी म्हणजे तेरणा कारखान्याचं गाव. मधली काही वर्षं त्याचं धुराडं थंड होतं, तेव्हाही गावात बोलणं उसाचंच. एका हंगामात आमचा ऊस मार्च उजाडला तरी रानात उभा होता, तुरे फुटून. तात्यांना कारण विचारलं. ते म्हणाले, "लेबर कुठं हाय? पाऊस लांबला, नोंदी मागं-फुडं झाल्या, सगळी यंत्रणाच कोलमडलीय. एकटा शेतकरी काय करणार?" मी पान उलटून विचारलं, शेजारच्या अण्णांचा ऊस का उभा आहे? तात्या म्हणाले, "माणूसच तिरपागडा. मुकादमाला कधी चहा पाजला न्हाई. जन्मल्यापस्नं तसलाच."

दुसऱ्या दिवशी अण्णांकडे गेलो. अण्णांनी आपल्या उसासाठी केंद्र सरकारच्या साखर धोरणापर्यंत कारणं दिली. मग आमच्या उसाचं विचारल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, "तुझा बा आसा हाय म्हणून सांगू नये, पर..."

दोन्ही मुलाखती मी प्रकल्पाला जोडल्या. बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, नमुना इतका लहान का? मी परिस्थिती सांगितली.

घरात ह्या विद्येचा उपयोग करू नये. तात्या एकदा माझ्यावर तापले असताना मी शांतपणे म्हणालो, "तात्या, तुमचा राग माझ्यावर नाहीच मुळी. सोयाबीन पडलंय, त्या हताशेला तुम्ही वाट करून देताय. मूळ तिथं आहे." तात्या म्हणाले, "मूळ तुज्या कानाखाली हाय. दावू का?"

ढोकीच्या माणसाला आणखी एक फायदा. शेजारी तेर. जुनी माणसं गोरोबाकाकांचं गाव सांगताना 'तेरढोकी' असं एका दमात म्हणतात, म्हणजे संतात आमचा निम्मा वाटा. त्यांची मडक्याची कथा शाळेत सगळ्यांनी ऐकलेली. संत जमलेत, मुक्ताबाई विचारते, काका, हे थापटणं कशासाठी? गोरोबा म्हणतात, मडकं कच्चं का पक्कं ते ह्याने कळतं. मग आमचीही मडकी बघा, म्हणते ती. काका थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर ठोकत जातात. सगळे गप्प बसून मार खातात. नामदेव मात्र चिडतात, तक्रार करतात आणि तिथल्या तिथे कच्चं मडकं ठरतात. पुढे त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे जावं लागतं. एटीकेटी म्हणा ना.

कथेचा आध्यात्मिक अर्थ कीर्तनकार सांगतात, तो त्यांचा प्रांत. मी सामाजिक मानसशास्त्राच्या बाकावरून पाहतो तेव्हा मला सॉलोमन अ‍ॅश दिसतो. 1951 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना रेघांची लांबी ओळखायला सांगितली होती. उत्तर आंधळ्यालाही कळावं इतकं उघड. पण खोलीतले बाकीचे सगळे अ‍ॅशने आधीच पढवलेले, आणि ते एकमुखाने चुकीचं सांगत. खऱ्या विद्यार्थ्यांपैकी चारांतल्या तिघांनी निदान एकदा तरी त्यांच्या सुरात सूर मिसळला. थापटणं लागत होतं, ते काय एकट्या नामदेवांच्या डोक्याला? पण आधीच्या सगळ्यांनी 'कुठं काय लागलं' असा चेहरा केला होता. अ‍ॅशने पुढे हेही दाखवलं, की खोलीत एक जरी सोबती खरं बोलणारा निघाला तर माणसाचं दबणं एकदम कमी होतं. त्या रांगेत एखादा जरी हळूच म्हणाला असता, 'नामा, मलाही लागलं रे', तर? मराठी वाङ्मयाचा इतिहास बदलला असता आणि औंढ्याची एक फेरी वाचली असती.

आता हेच समाजशास्त्राच्या बाकावरून. आमचे सर म्हणाले, डोकं सोड, थापटणं कुणाच्या हातात आहे ते बघ. गावगाड्यात कुंभार हा बलुतेदार. त्याने मडकी द्यायची, सुगीला धान्य मागायचं. इथे तोच परीक्षक आहे, आणि समोर ज्ञानेश्वर-निवृत्तींपासून सगळे डोकी वाकवून बसलेत. सगळी उतरंड ह्या एका कथेत उलटी झाली आहे. मला हे फार पटलं. पण सरच पुढे म्हणाले, एवढ्यावर हुरळू नको. इरावती कर्वे विसाव्या शतकात वारीत चालल्या तेव्हा त्यांना काय दिसलं? भजन एक आणि जेवणं वेगळी. त्याचं वाईट वाटल्याचं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. मी वहीत दोन्ही लिहिलं. त्या दिवशी परतीच्या गाडीत मला बसायला जागा मिळाली होती, तरी बरं वाटत नव्हतं.

जेवणाचं निघालं म्हणून खोलीचं सांगतो. तिसऱ्या वर्षी एसटीचा कंटाळा येऊन मी आणि माझा एक वर्गमित्र जिल्ह्याच्या गावी खोली शोधत होतो. पुस्तकात रिचर्ड ला पिएर नुकताच होऊन गेला होता. हा प्राध्यापक एका चिनी जोडप्याला घेऊन अमेरिकाभर हिंडला. तेव्हा तिथे चिनी माणसांविषयी उघड अढी होती. ते अडीचशेवर हॉटेलं-लॉजांत गेले आणि नकार आला फक्त एकदा. नंतर त्याने त्याच मालकांना पत्रं टाकली : चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त म्हणाले, नाही. हे 1934 साली छापलं गेलं आणि तेव्हापासून माणसाचं मत आणि वागणूक यांची सोयरीक जुळवायचं काम चालू आहे.

आमच्याकडे प्रयोग उलटा निघतो. तोंडी सगळे ठीक असतात. "आमी जातपात मानत न्हाई बरं का," इथपासूनच मालक सुरुवात करतात, आपण विचारलेलं नसताना. मग, "आडनाव काय म्हणलाव?" माझ्या मित्राचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काहीच पत्ता लागेना. मालकांनी दुसरा दरवाजा ठोठावला, "कुलदैवत?" आता धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. तुळजापूर हाकेच्या अंतरावर. सगळ्यांचं उत्तर एकच. मित्र म्हणाला, "तुळजाभवानी." मालक म्हणाले, "आमचीबी." आणि अडकले. थोडा वेळ पंख्याकडे बघून म्हणाले, "गावात घर कुठल्या अंगाला आलं?" मित्राने खरं ते सांगितलं. मालक म्हणाले, खोली चांगली आहे, पण पुढच्या महिन्यात पुतण्या यायचाय. वर्ष संपलं तरी त्या दारावरची 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी हलली नव्हती. पुतण्याची परिस्थिती असेल.

मित्र ह्यावर हसला, मीही हसलो. हसण्याची कारणं वेगळी होती हे कळायला मला दोन्ही विषयांची गरज नव्हती.

मन आणि समाज यांची उत्तम सांगड कुणी घातली असेल तर ती विद्यापीठाने नव्हे, मुकादमाने. मॅक्स रिंगेलमन नावाचा एक फ्रेंच शेतकी इंजिनियर होता. त्याने माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली. आठ जण मिळून ओढू लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याच्या निम्म्यावर येतो, असं त्याला आढळलं; हे छापून आलं 1913 साली. गावात श्रमदान पाहिलेल्याला ह्यात नवल नाही. फोटो काढणारा आला की पाट्या भरभर हलतात, तो गेला की एकाच कुदळीला चौघे टेकतात. पण उसाच्या फडात असं होत नाही, कारण तिथे हिशोब टोळीत माणसं किती असा नसतो, कोयते किती असा असतो. आणि कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, आणि मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरायला दोघंही. दोघांत कुणी अंग चोरलं तर दुसऱ्याला लगेच दिसतं, आणि उचल तर दोघांच्या मिळून मानेवर. रिंगेलमनची सगळी अडचण मुकादमाने एका शब्दात सोडवून ठेवली आहे. त्या शब्दात बाई कुठे गेली, हे विचारायला मात्र समाजशास्त्राच्या वर्गात परत यावं लागतं. मॅडमचा ह्या प्रश्नाला आक्षेप नव्हता. अभ्यासक्रमात नाही एवढंच त्या म्हणाल्या.

आता टाकी.

स्टॅनली मिलग्रॅम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न्यू यॉर्कच्या पदपथावर माणसं उभी करून त्यांना समोरच्या इमारतीच्या एका खिडकीकडे नुसतं बघायला सांगितलं होतं. 1969 साली ते छापलं. एकच जण बघत असेल तर त्याच्याजवळ थांबणारे शंभरात चार. पंधरा जण बघत असतील तर थांबणारे चाळीस, आणि चालता चालता का होईना मान वर करणारे 86. आम्हा तिघा मित्रांना वाटलं, हे ढोकीत करून बघावं. बाजाराचा दिवस धरून आम्ही रस्त्याकडेला उभे राहिलो आणि गावच्या पाण्याच्या टाकीकडे बघू लागलो.

न्यू यॉर्कमध्ये कुणी विचारत नाही. इथे पहिलेच आजोबा जवळ आले, "काय बगायलाव रं?"

"काही नाही, आजोबा."

"कायबी न्हाई म्हणून कोण बगतंय व्हय? कुणाचा तू?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. आजोबांनी आधी घरची ख्यालीखुशाली विचारून घेतली आणि मग डोळ्यांवर हात धरून तेही बघू लागले. दोन मोटारसायकली थांबल्या. टमटम थांबली आणि रिकामी झाली. उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर आला, ड्रायव्हरने गाणं बारीक केलं. कुणीतरी म्हणालं, "चढलंय का काय कोण?" इथून पुढे आमची गरज उरली नाही. आपल्या महाराष्ट्रात टाकीवर चढणारा माणूस पाणी बघायला चढत नाही, मागणी घेऊन चढतो. वर्तमानपत्रं त्याला 'शोले स्टाईल आंदोलन' म्हणतात. त्यामुळे कोण चढलंय ह्याच्या आधी कशासाठी चढलंय ते ठरलं : उसाचं बिल. कुठल्या कारखान्याचं, ते ज्याने त्याने आपल्या थकबाकीप्रमाणे घेतलं. एक गट मोजणीचा वाद म्हणत होता. दोन पोरं भरतीचा निकाल म्हणत होती. एकाने तर पाय हलताना बघितला. ग्रामपंचायतीचा माणूस किल्ल्यांचा जुडगा घेऊन धावत आला आणि ओरडला, "आवं, शिडीच्या दाराला कुलूप हाय! चढंल कसं?" गर्दी क्षणभर गप्प झाली. मग मागून आवाज आला, "म्हंजे कुलूप तोडून चढलाय."

जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञाने 1934च्या बिहार भूकंपानंतर उठलेल्या अफवा गोळा केल्या होत्या. ज्यांना धक्का जाणवला पण ज्यांचं नुकसान झालं नव्हतं, अशा लोकांत 'ह्याहून मोठं काही येणार आहे' असल्याच अफवा जोरात होत्या. लिऑन फेस्टिंगरने 1957च्या आपल्या पुस्तकात त्यावरून निष्कर्ष काढला, की ह्या अफवा भीती घालण्यासाठी नव्हत्याच. आधीच बसलेल्या भीतीला कारण हवं होतं. किल्लारीच्या भूकंपानंतर, 1993च्या त्या हिवाळ्यात, आमच्या भिंतीला तडाही गेलेला नसताना आजी ट्रंक उशाला घेऊन अंगणात झोपायची आणि पुढच्या धक्क्याची तारीख तिला पाठ असायची. तारीख टळली की नवी. तिला कुणी अडाणी म्हटलं की आता मी फेस्टिंगर काढतो. टाकीखालची गर्दीही तशीच होती. मान वर करून दहा मिनिटं उन्हात उभं राहिल्यावर वर कुणीच नाही, हे मानेला परवडणारं नव्हतं. पण वर माणूस आहे आणि तो उसाच्या बिलासाठी आहे, हे कुणाच्या मनातून आलेलं नाही. ते गावाने पुरवलं. रॉस आणि मॅक्डूगल दोघांनाही त्या दिवशी ढोकीत चहा पाजायला हवा होता. वेगवेगळ्या टेबलांवर.

पदवी मिळाली, मग लग्नाचं निघालं. स्थळाची चौकशी करायला माणसं येतात, तेव्हा ती घरी कधीच आधी येत नाहीत. फाट्यावरच्या हॉटेलात बसतात, अर्धा चहा घेतात आणि मालकाला दोनच प्रश्न विचारतात : पोराची परिस्थिती कशी? पोराचा स्वभाव कसा? उत्तर मिळायला दहा मिनिटंही लागत नाहीत. परवा असेच दोन पाहुणे लातूरकडून आले. मी मागच्या बाकड्यावर भिंतीकडे तोंड करून भजी खात होतो.

मालकांनी गल्ला बंद केला, खांद्यावरच्या फडक्याने हात पुसले.

"परिस्थिती बरी हाय. दोन एकर बागायत, बाकी कोरडवाहू. रीण हाय, ते सगळ्यालाच हाय. स्वभाव म्हणाल तर गरीब. कुणाच्या अध्यात न्हाई."

"नाद बिद?"

"तसला नाद न्हाई." मालक जरा थांबले. "शिकल्यापस्नं जरा माणसांकडं टक लावून बसतंय. वहीत लिवतंय. मागं एकदा बाजाराच्या दिवशी त्या टाकीकडं बगत उभं ऱ्हायलं दोस्तासंगं. सगळा बाजार गोळा झाला. वर कोण बी नव्हतं."

पाहुण्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "कुठली टाकी?"

"ही काय."

दोघे वर बघू लागले. शेजारच्या टेबलावरचे तिघे उठून दाराशी आले. बाहेर एक मोटारसायकल थांबली.

"चढलंय का काय कोण?" तिच्यावरचा म्हणाला.